नारळावरची मतं

शिरवलपाड्यात मतदान मतदानाच्या दिवशी होत नाही. त्या दिवशी लोक नुसतं बटण दाबून येतात. खरं मतदान आधीच गावदेवीच्या देवळात उरकलेलं असतं, आणि बायकांचं मतदान उरकून घ्यायचं काम हौसाबाई भोईर हिचं. सरकारने यंत्रं आणली, पोलिस आणले, शाई आणली. पण गावदेवीच्या नारळापुढे कोणाचं काही चाललं नाही. निवडणुकीनंतर मतदानाची टक्केवारी पेपरात छापून येते तेव्हा शिरवलपाड्याचा आकडा बघून शहरातली शिकलेली माणसं माना डोलावतात. केवढी जागृती म्हणे! जागृती कसली डोंबलाची. नारळ आहे तो.

ओवे गावाच्या पलीकडे, फोडून फोडून अर्धा उरलेल्या डोंगराच्या पायथ्याशी हे आगऱ्यांचं गाव आहे. भातशेती गेली, मिठागरं गेली, आता घरटी एक डंपर उभा. डोंगराची खडी भरायची आणि जिथे कुठे भराव चाललाय तिथे ओतायची, हा धंदा. गाव महापालिकेत गेलं तरी गावचा कारभार जगन पाटलाच्या ओटीवरून चालतो. जगनने आजवर तीन पक्ष बदलले, गावानेही बदलले. पत्रकाराने विचारलं, तुमच्या गावाचा कल कुठे, तर लोक जगनच्या अंगणाकडे बघायचे. तिथे लागलेला झेंडा हाच आमचा कल.

पुरुषांना शपथ घालावी लागत नाही, त्यांना दारातला डंपर पुरतो. बायकांचं तसं नाही. बायका यंत्रापुढे एकट्या उभ्या राहिल्या की काय दाबतील याचा भरवसा जगनला नव्हता. म्हणून त्याने हौसाला हाताशी धरलं. हौसा गावची धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात भटजी उशिरा आला तरी चालतं, धवलारणीवाचून चालत नाही. ती धवळे, म्हणजे लग्नविधीची गाणी, म्हणते, सगळ्या देवांना मांडवात बोलावते, आणि तिच्या तोंडून ते झाल्यावरच लग्न लागलं असं बायका मानतात. ज्या तोंडाने गावातली लग्नं बांधली, त्याच तोंडाने मतंही बांधली तर फिरायची कोणाची छाती आहे? जगन पाटील शाळेत फार शिकला नसेल, पण हे गणित त्याला बरोबर जमलं.

यंदाही तसंच झालं. जागा बायकांसाठी राखीव निघाली आणि जगनने आपल्या सुनेला, किशोरीला, उभी केली. बायका देवळात जमल्या. हौसाने देवांना हाका घातल्या, किशोरीचं नाव घेऊन नारळावर सगळ्यांचे हात ठेवून घेतले आणि नेहमीचे शब्द म्हटले, "गावचं मत गावाला. जी फिरंल तिचे घरान पोर नांदनार नाय." बायका एका सुरात म्हणाल्या, "नाय नांदनार." नारळ फुटला, सगळ्यांनी तुकडा तुकडा खाल्ला आणि हसत-खिदळत घरी गेल्या. कोणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. हौसाला तर नाहीच नाही.

ती घरी आली तेव्हा तिची सून भाविका पिशवीतून कागद काढत बसली होती.

"आई, बसा जरा. मी आज फॉर्म भरून आले."

"कसला फारम?"

"निवडणुकीचा. अपक्ष. किशोरीच्या विरोधात."

हौसाच्या तोंडात प्रसादाचा तुकडा होता. तो गिळताही येईना आणि थुंकताही येईना. सासू अडवेल म्हणून सुनेने आधी सांगितलं नव्हतं, आणि देवळातला नारळ दर निवडणुकीचाच, त्यात काय सांगायचं, म्हणून सासूही गप्प राहिली होती. एका चुलीवर जेवणाऱ्या दोन बायका. दोघींनी मिळून दोन वाक्यं आदल्या दिवशी बोलली असती तर पुढचं सगळं टळलं असतं. पण आपल्याकडे घरातली माणसं सगळं बोलतात, नेमकं तेवढं सोडून.

भाविका खांदा कॉलनीतली. बापाची नोकरी, भावाचं मेडिकलचं दुकान. धनेशशी लग्न करून शिरवलपाड्यात आली. धनेश हा हौसाचा एकुलता एक. त्याला जाऊन दुसरं वर्ष चालू होतं. शाळेजवळच्या वळणावर खडीने भरलेला डंपर त्याच्या बाइकवर गेला. डंपर कोणाचा ते अख्ख्या गावाला माहीत होतं, पोलिसांना तेवढं कळलं नाही. त्याच वळणावर आता धनेशची मुलगी हेतल रोज दप्तर घेऊन रस्ता ओलांडायची. डंपरांना डोंगरामागून बाहेरचा रस्ता आहे, पण तो लांब पडतो, डिझेल खातो. भाविकाने अर्ज केले, हेलपाटे घातले. सगळीकडे एकच उत्तर, नगरसेवकाचं पत्र आणा. नगरसेवक जगनच्या ओटीवर चहा प्यायचा. शेवटी ती म्हणाली, मग मीच होते नगरसेवक.

"निवडून आले तर डंपर गावातून जाणार नाहीत," ती हौसाला म्हणाली. "नाही आले तर हेतलचा दाखला काढायचा आणि तिला घेऊन भावाकडे जायचं. त्या वळणावर मी माझी पोर ठेवणार नाही, आई. तुम्हीपण चला."

"मी कनचे तोंडान तुजे भावाचे घरान राहू?" हौसा म्हणाली. आणि ते खरंच होतं. नवरा बळीराम याच घरात गेला, धनेश याच घरात वाढला. पण हेतल गेली तर या घरात उरणार काय? रोज संध्याकाळी पोर आजीच्या मागे बसायची, पिकलेले केस विंचरायची आणि नसलेल्या उवा शोधून नखावर मारायची. दिवसभरात हौसाला हसू येण्यासारखं तेवढंच एक घडायचं.

रात्रभर तिने विचार केला आणि सकाळी उठून नवा नारळ घेऊन जगनकडे गेली.

"भावजी, माजी शपत सोडवा. भाविका उभी रायलीय, मना ठावंच नवतं. ह्यो नारल घ्या न् तो परत द्या."

जगनने खुर्ची दिली, सुनेला चहा सांगितला. माणूस गोड. "वैनी, खाल्लेला नारल परत कसा देऊ? तो पोटान गेला. न् तुमची सून उभी रायली, मना काय राग नाय. लोकशाई हाय. ज्याला उभं राव्हाचं त्यानं राव्हावं."

"मंग बायांना सांगा, ज्याला जे बटन दाबाचं ते दाबा."

"मी कोन सांगनार? बांधलं तुमी." मग त्याने आवाज उतरवला. "एक सांगू? आज तुमी मत सोडवलंत तर उद्या कोनी येऊन बोलंल, हौसावैनी, तुमी माजं लगीन लावलंत ते पन सोडवा. धवलारनीचा शबूद एकदा सुटला का गावान कायच बांधलेलं रानार नाय."

या माणसाला धवळ्यांची किंमत फक्त मतांपुरती, हे हौसाला कळत होतं. पण बोलला ते खोटं म्हणता येईना. चहा न पिताच ती उठली.

मग ती बायकांकडे गेली. पहिली चंद्रावती. शेजारीण, लहानपणापासूनची सोबतीण. तिच्या पोरीचं लग्न माघात होतं आणि धवळे अर्थात हौसाच म्हणणार होती. चंद्रावती अंगणात पापड वाळत घालत होती. वरून धुळीचा थर बसत होता, ती तो फडक्याने झटकत होती, पुन्हा बसत होता.

"मना भाविका नको हाय काय?" चंद्रावती म्हणाली. "ही धूल बग. पोरांचा खोकला जात नाय. धनेश माजे मांडीवर खेललाय. पन बांधलंस तूच, हौसा. सोडाचा धवला हाय तुजेकडं?"

हौसाने आठवून पाहिलं. देव बोलावायचा धवळा होता, हळदीचा होता, तेलाचा होता, पोरीला वाटेला लावायचाही होता. बांधलेलं सोडायचा एकही नव्हता. तिच्या आईने शिकवला नव्हता, आईला तिच्या आईने नव्हता. कोणाला लागलाच नव्हता.

"माजे घरान दोन नातू हायेत," चंद्रावती म्हणाली आणि फडकं तोंडाला लावून रडली. ज्या ज्या घरी हौसा गेली तिथे हेच. बायका रडल्या, भाविकाचं गुणगान केलं, डंपरांना शिव्या घातल्या, आणि पोराबाळांना जवळ ओढलं. त्यांना दोष तरी कसा द्यावा? ती भीती हौसानेच घातली होती, आणि सगळ्यांत जास्त ती तिच्याच पोटात होती. घरान पोर नांदनार नाय. तिच्या घरात एकच पोर होतं.

शेवटी तिने देवीला कौल लावला. पाण्यात बुडवून जास्वंदीची पाकळी देवीच्या उजव्या खांद्याला चिकटवली, दुसरी डाव्या. उजवी पडली तर सुटका. ती दिवस मावळेपर्यंत बसून राहिली. एकही पाकळी पडली नाही. निवडणूक लागली होती, देवीसुद्धा आचारसंहिता पाळत असावी.

भाविकाला तिने यातलं काही सांगितलं नाही. ती हसली असती, किंवा चिडली असती, आणि दोन्ही हौसाला सोसलं नसतं. भाविकाला नारळाचं उडत उडत कळलं होतं, पण ती म्हणायची, "गावची मतं मी धरलीच नाहीत, आई. आपला हिशेब टॉवरवर आहे."

डोंगराच्या अलीकडे टॉवर उभे राहिले होते. एकेका टॉवरमध्ये शिरवलपाड्याएवढी माणसं. धुळीचा त्रास त्यांना सगळ्यांत जास्त. बाल्कनीत कपडे वाळत घालता येत नाहीत म्हणून त्यांचे ग्रुपवर रोज फोटो. भाविका कपबशीच्या चिन्हाची पत्रकं घेऊन दारोदार फिरली. एकदा हौसाही सोबत गेली. लिफ्टमध्ये तिचा जीव घाबरा झाला, पण वर प्रत्येक दारात पाणी विचारलं. सोसायटीच्या सेक्रेटरी नायर मॅडम यांनी तर भाविकाचा हात धरून सांगितलं, "डोन्ट वरी. पूर्ण सोसायटी तुझ्या बरोबर आहे. धिस डस्ट मस्ट स्टॉप. इनको तो सबक सिखाना है."

खाली उतरताना हौसाच्या अंगात बळ आलं होतं. एवढे लोक! गावच्या बायका नारळावर राहिल्या तर राहू देत. आपणही राहू, शपथही मोडायला नको, पोरही सुखरूप, आणि भाविका या लोकांच्या मतांवर निवडून येईल. आपण एकीने मत दिलं नाही म्हणून काय बिघडतंय? शिकलेली माणसं काय किंवा हौसा काय, माणूस आपल्या सोयीचा विचार करायला लागला की सगळे सारखेच.

मतदानाच्या दिवशी सकाळी ती डबा घेऊन टॉवरकडे गेली. मतदान केंद्रापासून दूर भाविकाने टेबल मांडलं होतं. टेबलाशी चिटपाखरू नव्हतं. टॉवरच्या फाटकात मात्र मोठी बस उभी होती. मतदानाची सुट्टी होती. लोक टोप्या, काळे चष्मे, फरसाणाचे डबे घेऊन बसमध्ये चढत होते. सोसायटीची सहल निघाली होती, कर्नाळ्याला पक्षी बघायला आणि पुढे समुद्रावर. भाविका बसच्या दारात उभी होती.

"मॅडम, पाच मिनिटांचं काम आहे. केंद्र समोर आहे. मत द्या आणि मग जा."

"अगं, ड्रायव्हर थांबत नाही," नायर मॅडम खिडकीतून म्हणाल्या. "संध्याकाळी येऊच ना आम्ही. बंद व्हायच्या आत पक्का."

"हायवेला ट्रॅफिक लागतं मॅडम, नाही पोचणार तुम्ही. प्लीज. माझी मुलगी त्या रस्त्याने शाळेत जाते."

"भाविका, तू येतेच आहेस निवडून! आमच्या दोन-चार व्होटने काय होणार आहे?"

ड्रायव्हरने गाडी सुरू केली. भाविकाने दाराचा दांडा दोन्ही हातांनी धरला होता. बस हलली तरी ती सोडीना. दोन पावलं ती बसबरोबर ओढली गेली, मग कोणीतरी आतून ओरडलं आणि तिने हात सोडले. नवऱ्याला खांदा देणारे लोक निघाले तेव्हासुद्धा तिने असं कोणाला धरलं नव्हतं. त्या वेळी ती ताठ उभी राहिली होती. आज हात जोडून, तोंड वेडंवाकडं करून ती परक्या लोकांच्या मागे धावली आणि ते चष्म्याआडून दुसरीकडे बघू लागले. हौसाला ते बघवेना. डबा टेबलावर ठेवून ती गावाकडे निघाली.

शिरवलपाड्याच्या शाळेत रांग बाहेरपर्यंत आली होती. म्हातारे खुर्चीवर बसवून आणले होते, हळद लागलेली नवरी आली होती, जगनची माणसं पाणी वाटत होती. हौसाला बायकांनी पुढे घेतलं. चंद्रावतीच्या मागे जागा दिली.

"काय गो, तोंड असं का?" चंद्रावतीने विचारलं.

"भाविकाचे मागं कोन नाय," हौसा म्हणाली. "एक मानूस नाय. मी पन नाय."

चंद्रावतीने इकडेतिकडे पाहिलं आणि पदराआडून हौसाचा हात दाबला. चांगला घट्ट दाबला. हौसाच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हिचंही ठरलंय. हिचं ठरलंय म्हणजे आणखी कोणाकोणाचं ठरलं असेल. रडल्या होत्या ना सगळ्या? दहा-वीस बायका फिरल्या तर कोण फिरली हे जगनला कळणार नाही. आणि देवी तरी कुणाकुणाच्या घरी जाईल? पाप वाटून घेतलं की हलकं होतं असं तिला वाटलं. बुडत्याला काडीचा आधार, तसा तिने त्या दाबलेल्या हाताचा घेतला.

बोटाला शाई लागली. पुठ्ठ्याच्या आडोशाआड ती यंत्रापुढे उभी राहिली. वेगवेगळ्या जागांची बटणं दाबायची होती. बाकीची जगनच्या उमेदवारांना दिली, तिथे तिचं काही अडत नव्हतं. मग बायकांच्या जागेवर आली. वर किशोरी, खाली कपबशी. पुटपुटत ती म्हणाली, "माजं काय व्हाचं ते होव दे. पोरीला हात लावू नको. पोरीला नको." आणि तिने कपबशी दाबली. यंत्र वाजलं ते तिला अख्ख्या गावात ऐकू गेल्यासारखं वाटलं.

मतमोजणी दुसऱ्या दिवशी झाली. भाविका मोजणीच्या ठिकाणी होती. गाव देवळापुढे जमलं होतं, जगनचा पुतण्या कल्पेश माइक हातात घेऊन फोनवर आलेले आकडे वाचत होता. टॉवरच्या केंद्रांचे आकडे आधी आले. भाविका पुढे होती, पण यादीत नावं ढीगभर आणि मतं चिमूटभर. एकट्या नायर मॅडमच्या बसने मत दिलं असतं तरी भागलं असतं. बस हायवेला अडकली होती आणि केंद्र बंद झाल्यावर लोक गाणी म्हणत घरी पोचले होते.

मग कल्पेश म्हणाला, "आता आपलं केंद्र. शिरवलपाडा!" शिट्ट्या वाजल्या. त्याने किशोरीचा आकडा वाचला, फटाके लागले. फटाके थांबल्यावर त्याने पुढचं वाचलं.

"भाविका धनेश भोईर. एक."

लोक हसले. आधी नुसतेच हसले. मग हसू विरत गेलं, कारण प्रत्येकाच्या डोक्यात तोच प्रश्न आला. एक कोणाचं? भाविकाचं स्वतःचं असणार नाही. तिचं नाव लग्नानंतरही खांदा कॉलनीच्या यादीतच राहिलं होतं; ही बाहेरची आहे असं जगननेच तर गावभर सांगितलं होतं. गुप्त मतदान म्हणतात याला! दहा मतं गुप्त राहतात, पाच राहतात. एक राहत नाही.

हौसा बायकांमध्ये बसली होती. तिने चंद्रावतीकडे पाहिलं.

"तू हात दाबलास," ती हळूच म्हणाली.

"तू घाबरलीवतीस म्हनून दाबला गो," चंद्रावती म्हणाली. "आमाला सगल्यांना शपत घातलीस न् तूच फिरलीस?" आणि ती थोडी बाजूला सरकली. पलीकडचीही सरकली. कोणी काही वाईट बोललं नाही. माघातल्या लग्नाचं चंद्रावतीच्या नवऱ्याने तिथल्या तिथे जगनला सांगितलं, धवलारीण दुसऱ्या गावाहून आणू. जगन माइकवर म्हणाला, "कोनाला काय बोलाचं नाय. देवी हाय, ती बगंल." हौसाने त्याचे शब्द ऐकले. आयुष्यभर तिने देवांना हाका घातल्या होत्या आणि देव येतात यावर तिचा पक्का विश्वास होता. आता गावदेवीला तिने आपल्याच घरचा पत्ता दिला होता.

भाविका दिवेलागणीला आली. चेहरा काळवंडलेला, पण डोळे कोरडे. ती थेट हौसाच्या पायाशी येऊन बसली आणि तिच्या मांडीत डोकं घातलं.

"आई, ते एक मत. मला तिथे वाचून दाखवलं तेव्हा सगळे हसले. मी नाही हसले. मला कळलं. तुम्हाला किती भीती वाटली असेल. आई, मी कुठेही जात नाही. गाव काय करायचं ते करू दे. तुम्हाला एकटीला टाकून मी नाही जायची. हेतलला मी रोज हात धरून सोडीन. आपण इथेच राहू."

फॉर्म भरल्या दिवसापासून हौसा याच शब्दांसाठी झुरत होती. तिने सुनेच्या केसांवर हात ठेवला. आणि तेवढ्यात बाहेर ब्रेक करकचून वाजले, शिवी ऐकू आली, आणि खेळायला गेलेली हेतल धापा टाकत दारातून आत आली. "आजी, मी पळत आले! डंपरवाला ओरडला!" पोर हसत होती.

ही पहिली खेप, हौसाला वाटलं. देवी दारापर्यंत येऊन गेली. दुसऱ्या खेपेला ती अशी रिकाम्या हाताने जायची नाही. घरान पोर नांदनार नाय, म्हटलं होतं आपण. मग घरात पोरच नसलं तर? देवीने न्यायच्या आत आपणच बाहेर काढलं तर शब्द पुरा होईल, आणि पोर जगेल. दुसरा मार्ग तिला दिसेना. मतं सोडायचा धवळा नव्हता, पण एवढं तिच्या हातात होतं.

"उठ," ती म्हणाली. "पोरीला घे न् भावाकडं जा. आताचे आता."

"आई? मी म्हटलं ना, मी नाही जाणार."

"जा बोलते तर!"

"का पण? शपथेमुळे? आई, असं काही नसतं." भाविका तिचे हात धरायला लागली. "मी आहे ना. आपण दोघी..."

हौसाला कळलं, खरं सांगितलं तर ही जाणार नाही. समजूत घालेल, हसेल, राहील. खऱ्याने ही हलायची नाही. गावातल्या बायका धनेशच्या दहाव्याला जे कुजबुजल्या होत्या आणि ज्यांना हौसाने अंगणातून हाकलून दिलं होतं, ते शब्द तिने आता तोंडात घेतले.

"माजा पोरगा तूच खाल्लास," ती म्हणाली. "तू आयलीस न् माजं घर बसलं. तुजे पायगुनानं गेला धनेश. आज गावान तोंड काडाला जागा ठेवली नाय. माजे डोल्यांम्होरून चालती हो, अवदसे."

भाविकाने हात सोडले. एखाद्याला कानफटात बसावी तशी ती मागे सरली. मग उठली. पिशवीत हेतलचे कपडे भरले, वह्या भरल्या. रिक्षा बोलावली. हेतलला काहीच कळेना. ती आजीच्या लुगड्याला लोंबकळून रडायला लागली. तिचं एकेक बोट हौसाने स्वतः सोडवलं, तिला उचलून रिक्षात बसवलं आणि पोर हात पुढे करत असताना पाठ फिरवली. ओट्यावर शेजारणी उभ्या होत्या. त्यांना वाटलं, सासूला शहाणपण आलं उशिरा का होईना.

रिक्षा वळणापलीकडे सुखरूप गेली तेव्हा हौसा देवळात गेली. फटाक्यांचा कचरा तसाच पडला होता. ती गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी उभी राहिली आणि धवळ्यात देवांना हाक घालायची त्याच आवाजात म्हणाली, "ये, बगून जा. माजे घरान पोर नाय. तुजा शबूद मी पुरा केला. आता तिचे वाटेला जाव नको."

मग तिथेच उंबऱ्यावर डोकं टेकून ती ओक्साबोक्शी रडली. बाहेर किशोरीची मिरवणूक निघत होती, आणि गुलाल टाकायला थांबलेल्या बायकांपैकी एकही तिला उठवायला आत आली नाही.